घोडा लहान, गवताची चिंता मोठी : पन्हाळा आणि मराठी घोडदळाची वैरण

१/
पन्हाळगडावरच्या अंबरखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती या दगडी कोठ्या आजही उभ्या आहेत. छताला ठेवलेल्या छिद्रांतून धान्य आत ओतले जाई. धान्याची सोय अशी दगडात टिकून राहिली. घोड्यांच्या वैरणीची सोय मात्र गवताच्या गंजीत होती आणि गंजीचे अवशेष मागे उरत नाहीत. म्हणूनच मराठी घोडदळाच्या इतिहासातील हा भाग सहसा दुर्लक्षित राहतो.

२/
मराठी फौजेतील सामान्य बारगिराचा घोडा अंगाने लहान होता. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टू हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. आजच्या मापाने १४८ सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या घोड्याला तट्टू म्हणतात. भीमथडी त्याहूनही बरेच ठेंगणे. कोकणच्या बंदरांत उतरणाऱ्या अरबी घोड्यांचा रुबाब त्याला नव्हता. पण खडकाळ घाटवाटांवर त्याचा पाय स्थिर राही आणि साध्या काडी-गवतावर त्याचा निभाव लागे.

३/
लहान घोड्याला गवत निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. अशी काटक जनावरे थोड्या खुराकातही अंग धरतात. त्यांना दाण्याची चंदी किंवा कोवळे, साखरयुक्त हिरवे गवत अतिरेकाने दिले, तर खुरांच्या आतला भाग सुजून ती लंगडी होतात. त्यांचा मुख्य आहार म्हणजे भरपूर धाग्याचे सुके गवत. चंदीचा तोबरा हवा तो मेहनतीच्या दिवसांत, तोही बेताने.

४/
परंतु साधे गवत म्हणजे वाटेल ते गवत नव्हे. गाय-बैल रवंथ करतात, त्यामुळे निकृष्ट काडही ते बऱ्यापैकी पचवतात. घोडा रवंथ करत नाही, आणि पोटात गेलेले त्याला ओकूनही टाकता येत नाही. बुरशी धरलेली एखादी पेंढी बैलाच्या पुढ्यात पडली तर कदाचित निभावून जाईल. घोड्याला तीच पेंढी पोटशूळ आणू शकते, प्रसंगी जीवही घेऊ शकते.

५/
पन्हाळा दोन प्रकारच्या मुलखांच्या सीमेवर आहे. पश्चिमेला पावसाचा, भाताचा प्रदेश. तेथे भाताचे पिंजर मुबलक, पण ते निकस. पूर्वेला ज्वारीचा प्रदेश. तेथील वाळलेला कडबा अधिक पौष्टिक. कोवळ्या हिरव्या ज्वारीच्या ताटांत मात्र विष असते, म्हणून ती जनावरापुढे टाकू नयेत. या दोहोंच्या जोडीला डोंगरउतारांवरचे रानगवत. त्यात मारवेल आणि पवन्या ही चांगली वैरण मानली जाते.

६/
कुसळी हे गवतही या डोंगरांत अमाप. ते कोवळे असताना उपयोगी. पण कुसळे पिकली की त्यांची अणकुचीदार टोके जनावराच्या हिरड्यांत आणि जिभेत रुततात. म्हणून कापणीची वेळ साधणे महत्त्वाचे. फार लवकर कापावे तर पावसाची ओल जात नाही, फार उशिरा कापावे तर सत्त्व निघून नुसती काडी उरते. पाऊस सरल्यावरचे मोजके दिवस हाच खरा हंगाम.

७/
आता थोडे गणित. २५० किलो वजनाच्या घोड्याला आजच्या मापाने दिवसाला ४ ते ५ किलो सुकी वैरण लागते. सभासदाच्या बखरीप्रमाणे शिवकालीन पागेत २५ बारगिरांवर एक हवालदार असे आणि तितक्याच घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. एवढ्या एका तुकडीला पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी सुमारे १५ टन गवत हवे. हजार घोड्यांना ६०० टन!

८/
पावसाळाच का? कारण सभासद सांगतो त्याप्रमाणे लष्कर आठ महिने मुलूखगिरीवर असे आणि पावसाळ्यात छावणीस परते. मोहिमेत घोडा वाटेवरच्या वैरणीवर जगे, छावणीत साठ्यावर. त्यासाठी दाणा, औषधे आणि घोड्यांकरिता गवताने शाकारलेली घरे आधीच सिद्ध ठेवण्याची रीत होती. ज्या ऋतूत रान हिरवेगार, त्याच ऋतूत तबेल्यातील घोडा गतवर्षीच्या सुक्या गवतावर अवलंबून असे.

९/
या व्यवस्थेत किती जोखीम होती, ते शिवछत्रपतींच्या एका पत्रातून कळते. राज्याभिषेकाच्या आगेमागे, मे महिन्यात, चिपळूण भागात छावणी केलेल्या लष्करी अधिकाऱ्यांना ते लिहिलेले आहे. त्याचा आशय असा : आता साठा आहे म्हणून दाणा व गवत मन मानेल तसे उधळाल, तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल.

१०/
यापुढचा विचार अधिक महत्त्वाचा आहे. साठा संपला की शिपाई गावांत शिरतील. कोणी कुणब्याचे धान्य आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी सरपण, कोणी भाजी. मग रयत घर सोडून परागंदा होईल आणि तिला आपली फौज मोगलांहून वाईट वाटेल. गंजी मोजून वापरण्याचा हुकूम घोड्यासाठी होता, तितकाच कुणब्यासाठीही होता.

११/
याच पत्रात आगीचीही ताकीद आहे. चूल, तंबाखूचा विस्तव, रात्री जळता ठेवलेला दिवा, एवढेच नव्हे तर उंदराने ओढून नेलेली पेटती वात यांपासून गवत सांभाळा, असे राजा बजावतो. एक ठिणगी पडली तर वैरण, शाकारलेली पागा आणि घोडी एकदम जळणार. ओलसर रचलेली गंजी आतून तापून आपोआपही पेटू शकते, हे आज शास्त्राला ठाऊक आहे.

१२/
वैरण नसेल तर काय होते, ते पुढच्या पिढीत पन्हाळ्याच्याच परिसरात दिसले. पन्हाळा १७०१ मध्ये औरंगजेबाच्या हाती गेला, १७०२ च्या जूनमध्ये विशाळगड. विशाळगडाहून पन्हाळ्याकडे परतताना मोगल लष्कराला पावसाने गाठले. सुमारे ३० मैलांच्या वाटेला ३८ दिवस लागले. चिखल, फुगलेले ओढे, महागलेला दाणा आणि वैरण-सरपणाचा दुष्काळ यांत माणसे व जनावरे मोठ्या संख्येने गेली. गड जिंकलेल्या फौजेची सह्याद्रीच्या पावसाने ही अवस्था केली.

१३/
भीमथडी घोड्याची अलीकडे राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे. त्याच्या वेगाच्या आणि काटकपणाच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. त्या वेगामागे वेळेवर कापलेले, नीट वाळवलेले आणि मोजून वापरलेले गवत होते. ते कापणाऱ्या कुणब्यांची, भारे वाहणाऱ्या बायांची आणि पागेत रात्री दिव्यावर नजर ठेवणाऱ्या मोतद्दारांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. अंबरखान्यासमोर उभे राहताना त्यांचीही आठवण ठेवावी.