जीवाणूंचे औषध-निःसारक पंप : एका शोधाचा इतिहास

औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंविरुद्धच्या लढ्याचा इतिहास बहुधा नव्या औषधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु पेशीत शिरलेले औषध तेथे टिकते की नाही, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. आणि तो नीट विचारला जाण्यास बराच काळ लोटला.

टेट्रासायक्लिन गटातील पहिले औषध १९४८ साली जाहीर झाले. पुढे त्यास न जुमानणारे जीवाणू आढळू लागले. त्यांच्या पेशींत औषध अल्प प्रमाणात सापडे. यावरून पेशीपटल त्यास आत येऊ देत नसावे, असा तर्क केला जाई. १९८० साली अमेरिकेतील बॉस्टन येथे लॉरा मॅकमरी, रिचर्ड पेट्रुची व स्टुअर्ट लेव्ही यांनी हे मत बदलावयास लावले. ई. कोलाय जीवाणूंच्या पटलापासून त्यांनी आतली बाजू बाहेर आलेल्या सूक्ष्म पिशव्या तयार केल्या. प्रतिकारक्षम जीवाणूंच्या पिशव्यांत टेट्रासायक्लिन ऊर्जेच्या बळावर साठू लागले. पिशवी उलटी असल्यामुळे तिच्यात शिरणे म्हणजे मूळ पेशीतून बाहेर पडणे होय. औषध आत येत होते. पण पंपाने उपसून टाकले जात होते.

पंप आहे म्हटल्यावर तो रोखण्याचा विचार ओघानेच आला. बॅसिलस सब्टिलिस या जीवाणूतील असा एक पंप रिसर्पिनने रोखला जातो, असे १९९१ साली दिसून आले. हे द्रव्य भारतीय वैद्यकास नवे नव्हते. ते सर्पगंधेच्या मुळीतील. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये ते शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. त्यापूर्वीच, १९४९ साली, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी या मुळीचा उच्च रक्तदाबावरील उपयोग 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला होता. तथापि पंप रोखण्यास लागणारी रिसर्पिनची मात्रा रक्तदाबावरील मात्रेहून पुष्कळ अधिक, आणि मज्जासंस्थेस घातक ठरते.

२००१ साली स्यूडोमोनास जीवाणूचे पंप रोखणारे एक कृत्रिम संयुग पुढे आले; तेही विषारीपणामुळे रुग्णांपर्यंत पोहोचले नाही. २००२ साली जपानी संशोधकांनी ई. कोलायच्या एका प्रमुख पंपाची त्रिमितीय रचना उलगडली. तरीही जीवाणूंचे पंप रोखणारे एकही औषध या कारणासाठी अद्याप वापरात आलेले नाही. मानवी पेशींतही द्रव्ये बाहेर टाकणारे पंप असतात. रिसर्पिन त्यांनाही रोखते. म्हणून खरा प्रश्न पंप रोखण्याचा नसून, केवळ जीवाणूचाच पंप रोखण्याचा आहे. तो सुटल्यास निरुपयोगी ठरलेली काही जुनी औषधे पुन्हा कामी येतील.