शालेय संगीत-नाट्यशिक्षणाची ऑनलाइन साधने (मराठी)

शाळेत गाणे, वाद्य, नाच आणि नाटक शिकवण्यासाठी इंटरनेटवर मिळणारी पुस्तके, ध्वनिमुद्रणे, चित्रफिती आणि ॲप. मराठीत ही साधने भरपूर आहेत, पण विखुरलेली. त्यांतली थोडीच मुळात वर्गासाठी तयार झाली.

अशांपैकी ठळक बालभारतीची. या पाठ्यपुस्तक मंडळाची (पुणे, १९६७) पुस्तके ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात. प्राथमिक वर्गांच्या ‘खेळू, करू, शिकू’मध्ये गायन, वादन, नृत्य, नाट्य असे सगळे येते. पुस्तकांतल्या क्यूआर कोडवर फोन धरला की ‘दीक्षा’ (२०१७) या सरकारी मंचावरचे साहित्य उघडते. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ या मुलांच्या मासिकाचे जुने अंकही खुले आहेत, गॅदरिंगसाठी नाटुकले शोधणाऱ्या बाईंनी ते आधी चाळावेत.

गाण्यांसाठी ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ हाताशी असावे. बालगीताच्या शब्दांबरोबर तिथे कवी, संगीतकार, गायक आणि बरेचदा रागही दिलेला असतो. अडचण पट्टीची. मूळ ध्वनिमुद्रणाच्या पट्टीत सगळा वर्ग गाऊ शकत नाही, आणि मुले ओरडू लागतात. त्यापेक्षा तानपुऱ्याचे ॲप मुलांच्या पट्टीत लावून चाल बसवणे बरे.

स्वरलेखनाची कथा वेगळीच. संगीतशास्त्रज्ञ भातखंडे यांच्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब. फोनच्या साध्या कळफलकावर हे उमटत नाही, म्हणून वहीत हाताने लिहून फोटो पाठवणेच सोपे पडते. भातखंड्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या स्कॅन प्रती ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर आहेत. गूगलच्या ‘क्रोम म्युझिक लॅब’मध्ये (२०१६) पाच स्वरांची जाळी निवडली की भूप रागाचे स्वर मिळतात, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) मात्र मिळत नाही.

वर्गाला झेपतील अशा सोप्या चालींचा एक जुना नमुना मुंबईतल्या मालाडमध्ये सापडतो. १९३४ साली इथे उभ्या राहिलेल्या बॉम्बे टॉकीजच्या संगीतकार सरस्वतीदेवी (खुर्शीद मिनोचर-होमजी) भातखंड्यांकडे शिकलेल्या. ‘अछूत कन्या’त (१९३६) अशोककुमार आणि देविकाराणी या कलाकारांकडून गाऊन घ्यायचे होते, आणि दोघेही तयारीचे गायक नव्हते. म्हणून चाली सरळ, कोणत्याही गळ्याला झेपतील अशा. वर्गातल्या संगीतशिक्षकापुढेही हाच पेच असतो. हा चित्रपट आता यूट्यूबवर पाहता येतो.

मिळते ते सगळे वापरायला मोकळे नसते. भातखंडे १९३६ मध्ये वारले, त्यांचे मूळ लेखन हक्कमुक्त झाले; सरस्वतीदेवी १९८० मध्ये गेल्या, त्यांच्या चालींना संरक्षण आहे. कॉपीराइट कायद्याच्या (१९५७) ५२व्या कलमाने शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांना गाणे वा नाटक सादर करण्याची सवलत दिली आहे. त्याच कार्यक्रमाची चित्रफीत शाळेच्या यूट्यूब वाहिनीवर चढवायची असेल, तर त्या सवलतीवर विसंबू नये. हक्कधारकाची परवानगी आधी घ्यावी.