कडम नदी

कडम नदी : गोदावरीची डावीकडील उपनदी. तेलंगणाच्या आदिलाबाद व निर्मल या जिल्ह्यांतून वाहते. उगम बोथ-बजारहत्नूर परिसरातील डोंगराळ भागात. या भागाच्या पश्चिमेस महाराष्ट्रातील किनवट तालुका आहे.

सह्याद्रीची सातमाळा नावाने ओळखली जाणारी शाखा आदिलाबादच्या पठारावरून वायव्य-आग्नेय दिशेने जाते. तिच्या उत्तर उतारावरील मावला, आदिलाबाद या भागांचे पाणी पैनगंगेस मिळून वर्धा व प्राणहिता या नद्यांमार्गे कालेश्वरमजवळ गोदावरीत पोहोचते. दक्षिण उताराचे पाणी मात्र कडम थेट गोदावरीला नेते.

उगमापासून नदी साधारणतः आग्नेयेस वाहते. नेरेडिगोंडा मंडलात ती कुंटाला येथे खडकाच्या टप्प्यांवरून सु. 45 मी. खाली कोसळते. राज्यातील सर्वांत उंच धबधब्यांत याची गणना होते. येथील सोमेश्वर कुंडाशी महाशिवरात्रीला भाविकांची गर्दी होते. पुढे नदी सागाच्या जंगलातून जाते. 2012 मध्ये घोषित झालेल्या कवाल व्याघ्र प्रकल्पाच्या वन्यजीवांना तिच्या खोऱ्याचा मोठा आधार आहे. खोऱ्यात गोंड आदिवासींची जुनी वस्ती आहे.

निर्मल जिल्ह्यातील कडम-पेद्दूर येथे नदीवर धरण आहे. त्याचे काम 1949 मध्ये सुरू झाले. जलाशयाची पूर्ण संचय पातळी 700 फूट, साठवणक्षमता सु. 7.6 टीएमसी (सु. 21.5 कोटी घनमीटर) आहे. सांडव्याला 18 दरवाजे आहेत. कालव्यांचे पाणी मुख्यतः भातशेतीला मिळते. धरणाखाली थोड्याच अंतरावर, श्रीरामसागर व येल्लमपल्ली या जलाशयांच्या दरम्यान, कडम गोदावरीस मिळते.

नदी लांबीने लहान असली, तरी तिचा पूर मोठा असतो. पाणलोट डोंगराळ आणि उताराचा असल्याने नैर्ऋत्य मोसमी पावसाची जोरदार झड लागली, की ओढ्यांचे पाणी थोड्याच तासांत एकदम जलाशयात उतरते. उन्हाळ्यात पात्र मात्र जवळजवळ कोरडे पडते. 1958 मधील अतिवृष्टीत पाणी धरणावरून वाहून ते फुटले व नंतर पुन्हा बांधावे लागले. जुलै 2022 मध्ये सांडव्याची क्षमता सु. 3 लाख क्युसेक असताना आवक 5 लाख क्युसेकच्या घरात गेली. पाणी दरवाजांवरून वाहिले आणि खालच्या गावांतील लोकांना हलवावे लागले, तरी धरण टिकले. जुलै 2023 मध्येही पाणी पुन्हा दरवाजांवरून गेले.

कुंटालाच्या वरच्या बाजूस कुप्टी येथे आणखी एक जलाशय प्रस्तावित आहे. मात्र पाणी वर अडवले, तरी उतारावरच्या रानाची गरज संपत नाही. तेथील झाडोरा पावसाचा काही भाग जमिनीत मुरवतो आणि माती धरून ठेवतो. तो विरळ झाला, तर पुराचा लोंढा वाढेल आणि गाळाने जलाशय उथळ होईल. म्हणून कडमच्या धरणाची सुरक्षितता दरवाजांइतकीच या जंगलाच्या जतनावर अवलंबून आहे.