शाळेतला मायक्रोकॉम्प्युटर आणि आपली पेण-रोह्याची वाट

तर मंडळी, आता तुमच्यापैकी कितीजणांनी पहिला कीबोर्ड टायपिंगच्या क्लासात पाहिला, ते हात वर करून सांगा. बघा, निम्मं सभागृह. आमचं आजचं म्हणणं याच हातांशी जोडलेलं आहे.

संगणकाचा इतिहास सांगताना चिप किती वेगवान, हे आधी सांगतात. आम्हाला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की मशीन सुरू केल्यावर समोर काय येई? १९८१च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या एकॉर्न कंपनीने बीबीसी मायक्रो आणला. बटण दाबलं की एक 'बीप', आणि पडद्यावर बेसिक भाषा हजर. पोराने '१० प्रिंट पेण, २० गोटू १०' लिहून 'रन' म्हटलं, की 'पेण पेण पेण' सुरू! गावाचं नाव अर्थात रोमन लिपीत. पण हुकूम पोराचा, राबायचं मशीनने.

हाच मायक्रो १९८४-८५ साली केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून भारतात २५० शाळांत आला. देशाच्या मानाने २५० म्हणजे चिमूटभर. घरी घ्यावा, तर ब्रिटनमध्येच मॉडेल बीची किंमत ३९९ पौंड होती.

शिवाय लिपीची अडचण होतीच. या मशीनवर स्वतःचं अक्षर घडवता यायचं, पण आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या चौकटीत. आपल्या पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराला विचारा, एवढ्या जागेत 'र्की' बसेल का? वर रफार आणि वेलांटी, त्याखाली शिरोरेषा, तळाला कधी उकार. अक्षराला उरतात जेमतेम पाच ओळी. दोन चौकटी एकावर एक रचून जमवता येई, नाही असं नाही. पण बारीक ठिपक्यांचा पडदा ३२ केबीतले २० केबी गिळायचा. उरलेल्या १२मध्ये मशीनचा स्वतःचा कारभार आणि तुमचा प्रोग्राम! देवनागरीचा नीट मार्ग निघाला तो आयआयटी कानपूरच्या संशोधनातून. पुढे पुण्याच्या सी-डॅकने त्याचं जिस्ट कार्ड आणलं. ते मात्र पीसीत बसवायचं, म्हणजे कचेरीच्या मशीनमध्ये.

आणि मग २००१ साली एमकेसीएल स्थापन झाली, एमएस-सीआयटी तालुक्यातालुक्यात पोचली. त्या अभ्यासक्रमाने पुष्कळांना नोकरीच्या दारापर्यंत नेलं, हे आम्ही मोकळेपणाने मानतो. पण तिथे शिकायचं काय, तर पत्र टाइप करणं, तक्ता भरणं. टाइपरायटरची जागा संगणकाने घेतली, एवढंच. मराठी माध्यमातल्या पोराने मशीनला हुकूम द्यायचा, तो टप्पा मधल्या मधे निसटला.

इथे शाळांतले शिक्षक बसलेत, त्यांना एक विनंती. डेड स्टॉक रजिस्टर रद्दीत घालण्याआधी १९८४ ते २००१ची पानं उलटून बघा. संगणकाची पहिली नोंद कुठे सापडते, आणि तो वर्गाच्या नावावर आहे की ऑफिसच्या, तेवढं आम्हाला कळवा.