दुर्बिणीद्वारे पित्ताशय शस्त्रक्रिया आणि खुल्या शस्त्रक्रियेकडे वळण्याचा निर्णय : मुंबईच्या संदर्भातील एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

पित्ताशयातील खड्यांवर दुर्बिणीद्वारे केली जाणारी शस्त्रक्रिया आज मुंबईच्या उपनगरांत नित्याची झाली आहे. तथापि काही रुग्णांच्या बाबतीत ती अर्ध्यावर थांबवून पोट उघडावे लागते. हा बदल सर्वसामान्यांच्या दृष्टीने अपयश ठरतो. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात मात्र त्याचा अर्थ वेळोवेळी बदलत गेला आहे. प्रस्तुत लेखात या बदलत्या अर्थाचा मागोवा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पित्ताशय काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये बर्लिन येथे केली. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे उजव्या बरगड्यांखाली छेद घेऊन हीच शस्त्रक्रिया सर्वत्र होत राहिली. १९८५ मध्ये जर्मनीतील ब्योब्लिंगेन येथे एरिख म्युहे यांनी दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले. परंतु स्वदेशातील शल्यचिकित्सकांनी त्यांच्या कार्याची उपेक्षा केली. १९८७ मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे फिलिप मुरे यांनी अशी शस्त्रक्रिया केली आणि त्यानंतर या पद्धतीचा झपाट्याने प्रसार झाला.

मुंबईतील आरंभ

भारतात या पद्धतीचा पाया डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी भायखळ्याच्या सर ज. जी. रुग्णालयात घातला. १९७२ पासून ते तेथे पोटातील विकारांच्या निदानासाठी दुर्बीण वापरीत होते. त्या काळी दुर्बिणीला डोळा लावून एकट्या शल्यचिकित्सकालाच आतील दृश्य दिसे. पुढे दृश्य पडद्यावर आणणारा कॅमेरा आला व सहायकांचे हातही उपयोगी पडू लागले. १९९० मध्ये याच रुग्णालयात त्यांनी दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली. म्युहे यांच्यानंतर अवघ्या पाच वर्षांत, तेही एका सरकारी रुग्णालयात हे घडले, ही बाब विशेष उल्लेखनीय होय. डॉ. उदवाडिया यांना २०१७ मध्ये पद्मभूषण देऊन गौरविण्यात आले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

उपनगरांतील रुग्णांच्या दृष्टीने या पद्धतीचे महत्त्व प्रामुख्याने आर्थिक होते. घाटकोपरचे राजावाडी, जुहूचे कूपर किंवा बोरिवलीचे भगवती अशा महापालिका रुग्णालयांत येणारा वर्ग बहुतांशी हातावर पोट असलेला. मोठ्या छेदानंतर साधारणतः चार ते सहा आठवडे जड काम वर्ज्य असते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर एक-दोन आठवड्यांत नेहमीचे व्यवहार सुरू करता येतात. बुडालेल्या रोजगाराचा विचार करता हा फरक मोठा आहे. म्हणूनच ‘चार छिद्रांत काम व्हावे’ ही अपेक्षा रुग्ण व नातेवाईक धरतात आणि तिचे दडपण शल्यचिकित्सकावरही येते.

खुल्या शस्त्रक्रियेकडे केव्हा वळावे?

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा निर्माण केली जाते. त्यानंतर पित्ताशयाची नलिका व धमनी ओळखून, चिमटे लावून ती कापली जातात. खरा धोका येथेच असतो. तीव्र दाह, घट्ट चिकटलेले अवयव, न थांबणारा रक्तस्राव, पित्ताशय व आतडे यांत झालेला मार्ग किंवा कर्करोगाचा संशय अशा परिस्थितीत मुख्य पित्तनलिकाच चुकून कापली जाण्याची भीती असते. ही इजा झाल्यास वारंवार कावीळ, पुन्हा मोठी शस्त्रक्रिया आणि क्वचित यकृत निकामी होणे असे दूरगामी परिणाम संभवतात. नवी पद्धत रूढ होत असताना अशा इजांचे प्रमाण जगभर वाढले होते.

या अनुभवातून १९९५ मध्ये स्ट्रासबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरक्षिततेची कसोटी मांडली. नलिका व धमनीभोवतीची चरबी पूर्णतः साफ झाली पाहिजे, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा झाला पाहिजे आणि पित्ताशयात केवळ दोनच रचना शिरताना दिसल्या पाहिजेत. हे साध्य होत नसेल तर पुढे कापू नये. २०१८ च्या टोकियो मार्गदर्शक तत्त्वांनी पित्ताशयाचा काही भाग मागे ठेवण्याचा पर्यायही मान्य केला. परिणामी पोट उघडणे हा सुरक्षिततेच्या अनेक मार्गांपैकी एक मार्ग ठरला.

संमती आणि शिक्षण

१६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका निर्णयात स्पष्ट केले की, निदानासाठीच्या दुर्बीण तपासणीला दिलेली संमती पुढील शस्त्रक्रियेला लागू होत नाही. जीव वा आरोग्य वाचविण्यासाठी विलंब अशक्य असेल, तेवढाच अपवाद. मात्र मूळ शस्त्रक्रिया आणि तिच्या ओघात आवश्यक ठरू शकणारी पुढील शस्त्रक्रिया यांसाठी एकत्रित संमती घेण्यास न्यायालयाने मुभा दिली. म्हणून पोट उघडण्याची शक्यता रुग्णाला आधीच, त्याच्या भाषेत समजावून सांगणे अगत्याचे ठरते.

दुसरा प्रश्न शिक्षणाचा आहे. कूपर रुग्णालयाशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालय २०१५ मध्ये सुरू झाल्याने उपनगरांतही शल्यचिकित्सक घडू लागले. या पिढीला दुर्बिणीचा सराव भरपूर मिळतो. खुल्या शस्त्रक्रियेचा अनुभव मात्र कमी होत आहे. जी शस्त्रक्रिया केवळ सर्वांत कठीण रुग्णावरच करावी लागते, तिचाच सराव सर्वांत कमी, असा हा पेच आहे.

समारोप

सारांश, १९९० च्या घटनेने खुली शस्त्रक्रिया कालबाह्य झाली नाही. तिची भूमिका बदलली. वेळीच थांबण्याचा निर्णय हा शल्यचिकित्सकाच्या विवेकाचा भाग होय. तो निर्णय निःसंकोचपणे घेता यावा यासाठी रुग्णाची पूर्वसंमती आणि खुल्या शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण या दोन्ही गोष्टी जपणे आवश्यक आहे.