हातभर शेंग

देवळ्याला आमच्या मळ्यात आई बांधावर चवळीचे वेल लावायची. एका उन्हाळ्यात, भाव चांगला म्हणून, मी हट्टाने फरसबी लावली. फुले आली आणि वैशाखाच्या झळांनी गळून गेली. बियाण्याचे पैसेही सुटले नाहीत. त्याच बांधावर चवळी शेंगांनी लोंबत होती!

कारण दोघींच्या माहेरात आहे. फरसबी अमेरिकेतल्या थंड डोंगरउतारांवरची. १४९२ नंतर ती जगभर पसरली. चवळी आफ्रिकेच्या उन्हातली. आपल्याकडे ती हजारो वर्षांपूर्वीच आली, आणि तिची लांब शेंगेची जात आशियात घडली. लिनियसने १७६३ मध्ये या जातीला दिलेल्या लॅटिन नावाचा अर्थ 'दीड फुटी'. दीड फूट म्हणजे आपला एक हात. आई शेंग कोपरापासून बोटांपर्यंत धरूनच मोजायची.