कादंबरीचे नाव आणि कॉफीचा भाव

कादंबरीचे नाव कॉफीच्या पुड्यावर छापले जावे, ही घटना वाङ्मयेतिहासात विरळाच. 'मुलतातुली' या टोपणनावाने एदुआर्द दाउवेस डेक्कर यांनी १८६० मध्ये 'माक्स हाव्हेलार' ही डच कादंबरी प्रसिद्ध केली. जावा बेटावरील शेतकऱ्यांना तेव्हा सरकारला हवी ती निर्यातपिके सक्तीने घ्यावी लागत. डेक्कर तेथेच अधिकारी होते. रयतेच्या पिळवणुकीविषयीची तक्रार वरिष्ठांनी मानली नाही, म्हणून १८५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. कादंबरीचा एक निवेदक आम्स्टरडॅमचा कॉफीदलाल आहे. त्याला कॉफीचा भाव ठाऊक आहे, ती पिकवणारा मात्र ठाऊक नाही.

१९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये रास्त व्यापाराची मोहोर सुरू झाली, तिला हेच नाव दिले गेले. पहिली कॉफी मेक्सिकोतील ओहाका प्रांतातल्या छोट्या उत्पादकांच्या सहकारी संस्थेची होती. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटापद्धती कोसळली, भाव गडगडले आणि किमान दराच्या हमीचे मोल कळून आले.

मलकापूर-कऱ्हाडकडील वाचकाला हा विषय परका वाटू नये. येथे कॉफीऐवजी ऊस आहे, एवढेच. याच सातारा जिल्ह्यातील कटगुण हे महात्मा फुले यांचे मूळ गाव. 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केला. त्याचे पहिले दोन भाग 'दीनबंधु'त छापले गेले, पुढचे छापण्याचे धाडस संपादकांना झाले नाही.

दोन्ही ग्रंथांत नाडला जातो तो शेतकरीच. परंतु श्रोता निराळा आहे. मुलतातुली अखेरीस थेट डच राजाला साद घालतात. फुल्यांनीही आपला ग्रंथ सयाजीराव महाराजांना वाचून दाखवला; पण तो गावोगावच्या शेतकऱ्यांसमोरही वाचला. रास्त व्यापाराची मोहोर ग्राहकाच्या सदसद्विवेकावर विसंबते. ग्राहकाचे मन पालटले, की हमी दुबळी होते. आपल्याकडे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, २००९ पासून उसाला कायद्याने 'रास्त व किफायतशीर दर' मिळाला. तरीही दरासाठी आंदोलने करावी लागतातच. म्हणजे कायदाही मागणी करणाऱ्याच्या संघटनेवाचून पुरेसा ठरत नाही.

आपण वर्गात 'असूड' शिकवतो तो बहुधा गद्यशैलीचा नमुना म्हणून. समोरच्या बाकांवर ऊस उत्पादकांचीच मुले बसलेली असतात. दर कोण ठरवतो, हा त्या ग्रंथाच्या मुळाशी असलेला प्रश्न त्यांच्यापुढे ठेवल्याखेरीज ते अध्यापन अपुरेच राहील.